मडगार्डवर घरी दिलेला रंग ठिगळासारखा दिसतो आहे: पॉलिश करावे की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी?

नवशिका रंगारी

नमस्कार. माझ्या अकरा वर्षे जुन्या गाडीचा डाव्या बाजूचा पुढचा मडगार्ड फाटकाच्या खांबाला घासला. तळहाताएवढा उथळ पोचा पडला आणि त्यावरून तीन ओरखडे गेले, त्यांपैकी एक थेट पत्र्यापर्यंत पोहोचला होता. गाडीचा रंग चंदेरी मेटॅलिक आहे. गाडी जुनी, पत्रा मात्र कुठेही गंजलेला नाही आणि हे काम एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे अशी हौस फार दिवसांची होती, म्हणून ते घरीच करायला घेतले.

काय काय केले ते जसेच्या तसे सांगतो, म्हणजे चूक कुठे झाली हे दाखवणे तुम्हाला सोपे जाईल. ओरखड्यांभोवतीची जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) घासली, पोच्यात पुट्टी भरली, ती वाळल्यावर ३२० नंबरच्या वॉटर पेपरने भरपूर पाणी घेऊन गुळगुळीत केली आणि त्यावर डब्यातल्या स्प्रेचा करडा प्रायमर दिला. तासाभराने दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेल्या कोडप्रमाणे मिळवलेल्या चंदेरी रंगाचे तीन हात दिले आणि त्यावर क्लिअरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक चकचकीत थराचे, दोन. सगळे स्प्रेचे डबेच होते. कॉम्प्रेसर किंवा गन माझ्याकडे नाही. मास्किंग टेप दुरुस्तीच्या जागेभोवती, साधारण दोन वितींच्या चौकटीत लावली होती.

पहिल्या संध्याकाळी काम झकास दिसत होते आणि मी घरच्यांना बोलावून ते दाखवलेही. दोन दिवसांनी उन्हात पाहिले तेव्हा पुट्टीच्या कडेने नकाशातल्या किनाऱ्यासारखी एक वेडीवाकडी रेघ उमटलेली दिसली. जिथे टेप होती तिथे नखाला लागेल अशी पायरी झाली आहे. समोरून पाहिले तर नवा रंग मूळ रंगापेक्षा काळपट वाटतो, आणि बॉनेटच्या बाजूने तिरपे पाहिले तर उलट अधिक उजळ. शिवाय सगळा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आहे. तो गुळगुळीत व्हावा म्हणून रबिंग कंपाउंड (रंग बारीक घासणारी पेस्ट) घेऊन हाताने घासायला लागलो, तर चाकावरच्या कमानीच्या कंगोऱ्यावर फडके एकदम चंदेरी झाले आणि पाठोपाठ करडा प्रायमर डोकावू लागला. तिथेच हात थांबवला.

आता हे रबिंग आणि पॉलिशने सावरता येईल का, की सगळे काढून पुन्हा करावे लागेल? आणि एकाच कोडचा रंग एका बाजूने काळा व दुसऱ्या बाजूने पांढरा कसा दिसू शकतो?


जुना पत्रा

हात थांबवलात हे उत्तम केलेत. या कामात नवा माणूस सगळ्यात जास्त नुकसान करतो ते पहिली चूक झाल्यावर, ती घाईने झाकायला जाताना.

पॉलिशने यातले जवळजवळ काहीच सावरणार नाही. रबिंग असो वा पॉलिश, दोन्ही रंगाचा थर कमी करणाऱ्या क्रिया आहेत, त्या भर घालत नाहीत. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यात वरचा क्लिअर ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. डब्यातल्या स्प्रेचे दोन हात त्याहून कमीच भरतात. कंगोऱ्यावर तर रंग मुळात पातळ बसतो आणि फडक्याचा सगळा दाब तिथेच एकवटतो, त्यामुळे तो आधी तिथे उघडा पडला. फडके चंदेरी झाले याचा अर्थ क्लिअर संपून तुम्ही रंगात उतरला होता. क्लिअर घासला जात असतो तेव्हा निघणारा गाळ पांढुरका असतो. त्यात गाडीचा रंग दिसला की त्याच क्षणी थांबायचे.

नकाशाची रेघ कुठून आली ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या वेळी सगळे यश त्यावरच अवलंबून आहे. जुना रंग घासून जिथे पत्रा उघडा झाला तिथे प्रत्येक थराची एक कापलेली कड तयार होते. ती कड उतरती न करता तिच्यावर पुट्टी चढवली, वर ताज्या प्रायमरमधले सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारे आणि नंतर उडून जाणारे द्रावक, पडले, की ते त्या कडेतून जुन्या रंगात आणि पुट्टीत शिरते व कड फुगते. त्याच अवस्थेत तुम्ही एका तासात पुढचे हात दिलेत. नंतरच्या दोन दिवसांत सॉल्व्हंट उडून गेले, सगळे आकसले आणि कड वर उमटली. संध्याकाळी काम झकास दिसले ते यामुळेच. ओला थर सगळ्यांना सांभाळून घेतो.

दुसरी चूक पाण्याची. पॉलिस्टर पुट्टीत टाल्कसारख्या भुकटीचे प्रमाण मोठे असते आणि उघडी पुट्टी पाणी पिते. तिच्यावर वॉटर पेपर फिरवला तर ते पाणी आत राहते, वर रंगाचे झाकण बसते आणि काही महिन्यांनी फोड येतो किंवा खाली गंज धरतो. पुट्टी नेहमी कोरडीच घासायची. वॉटर पेपरची पाळी प्रायमर बसल्यानंतर येते.

माझा सल्ला असा की पुट्टीसकट सगळे काढून पत्र्यापर्यंत जावे. जुन्या रंगाची कड आधी ८०, मग १८०, मग ३२० असे घासत इतकी पसरट करावी की डोळे मिटून बोट फिरवले तर रंग कुठे संपला आणि पत्रा कुठे सुरू झाला हे कळू नये. एकेका थराची वलये झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी दिसू लागतात; प्रत्येक वलय निदान बोटभर रुंद असावे. पुट्टी ८० नंबरने खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर भरावी, चकचकीत रंगावर नव्हे, आणि दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जाड नाही. पोचा त्याहून खोल असेल तर आधी तो मागून ठोकून वर आणणे हेच खरे काम. पुट्टी कडक होण्यासाठी तिच्यात मिसळायचा हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. लवकर वाळावी म्हणून तो जास्त घातला तर नंतर रंगातून पिवळट डाग वर येतात आणि कमी घातला तर पुट्टी चिवट राहून पेपरला चिकटत राहते.

घासताना पेपर बोटांनी धरू नका, लाकडी किंवा रबरी ठोकळ्याला गुंडाळा. बोटांनी घासले तर बोटांच्या रुंदीच्या खाचा पडतात. त्या मॅट प्रायमरमध्ये दिसत नाहीत, क्लिअर चढला की आरशासारख्या दिसतात.


सावकाश

निदान पटले, पण ‘सगळे काढा’ यावर माझे थोडे वेगळे मत आहे. घासायला घेण्याआधी एक साधी चाचणी करावी. पांढऱ्या सुती फडक्यावर लॅकर थिनर घेऊन ते नव्या रंगावर एका कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरायचे आणि मग पुसायचे. रंग फडक्यावर उतरला तर तो एकघटकी, म्हणजे केवळ सॉल्व्हंट उडून वाळणारा आहे, आणि तो बहुतांशी थिनरनेच काढता येईल. कारखान्यातला मूळ रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भट्टीत पक्का केलेला असतो, त्याला थिनरच्या अशा थोड्या पुसण्याने काही होत नाही. त्यामुळे आजूबाजूचा चांगला रंग पेपरने विनाकारण पातळ होण्याचे टळते. गाडीवर आधी कुणी डागडुजी केलेली असेल तर मात्र तोही रंग सुटू शकतो, म्हणून चाचणी आधी आडोशाच्या जागी करा. पुट्टी काढायची की नाही हा निर्णय तिची कड उघडी झाल्यावर घ्यावा.

पुढचा प्रश्न क्लिअर कोणता हा आहे, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या धाग्यातला तोच सर्वांत महत्त्वाचा. साधा एकघटकी क्लिअर कितीही दिवस वाळवला तरी सॉल्व्हंटला विरघळणाराच राहतो. पेट्रोल सांडले तर तो मऊ पडतो आणि रबिंगच्या उष्णतेने लिबलिबतो. द्विघटकी क्लिअरमध्ये हार्डनर मिसळला की रासायनिक जोडणी होऊन तो कडक होतो, आणि म्हणूनच त्याला नंतर पेपर मारून आरशासारखे पॉलिश करता येते. हा क्लिअर स्प्रेच्या डब्यातही मिळतो. डब्याच्या बुडाशी एक बटण असते. ते दाबले की आतली हार्डनरची कुपी फुटते, डबा दोन-तीन मिनिटे हलवायचा आणि मग त्यावर लिहिलेल्या मुदतीत तो वापरून टाकायचा. मुदत उलटली की डबा आतल्या आत घट्ट होतो, म्हणून सगळी पूर्वतयारी झाल्याशिवाय बटणाला हात लावू नये. मी एकदा बटण दाबले आणि नंतर हवा पाहायला बाहेर गेलो. पाऊस आला होता.

आता सुरक्षिततेविषयी, आणि हे कृपया वरवर वाचू नका. द्विघटकी रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारलेल्या अवस्थेत ते श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की नंतर अगदी अल्प प्रमाणही झटका आणते. त्याचा वास धोक्याची सूचना देण्याइतका लवकर येत नाही, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे मास्क नीट काम करतो आहे’ हा हिशेब इथे चालत नाही. व्यावसायिक रंगकामात म्हणूनच बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. धुळीचा कापडी मास्क निरुपयोगी आहे. ज्याच्याकडे योग्य मुखवटा, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे नाहीत त्याने द्विघटकी क्लिअर फवारूच नये. एकघटकी वापरावा, तो कमी टिकेल हे स्वीकारावे. बंद गॅरेजमध्ये तर कोणताही स्प्रे नको. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गीझरच्या ज्योतीपर्यंतही जाते.


नवशिका रंगारी

दोघांचेही आभार. थिनरची चाचणी आज केली. अर्ध्या मिनिटाची गरजही लागली नाही. फडके उचलले तर त्यावर क्लिअर, चंदेरी आणि करडा असे तिन्ही थर एकत्र चिखल होऊन आले. मूळ रंग मात्र खाली शाबूत आहे.

त्यानंतर पुट्टीची कड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उचकून पाहिली. ती सोललेल्या टरफलासारखी अखंड उचलली गेली आणि खाली, पत्र्यापर्यंत गेलेल्या ओरखड्याच्या रेषेत, मोहरीएवढे दोन तपकिरी ठिपके होते. म्हणजे चार-पाच दिवसांतच गंज. पुट्टी पूर्ण काढायची हे त्यावरून ठरले. योग्य मुखवटा एका नातेवाइकांच्या सुतारकामाच्या जागेत आहे, त्यांच्याकडे हवेचा पुरवठा करणारी यंत्रणाही आहे, तेव्हा द्विघटकी क्लिअर तिथेच मारावा असा विचार आहे. रंग काळा-पांढरा दिसण्याचे कारण मात्र अजून समजलेले नाही आणि टेप कुठे लावायची हेही.


जुना पत्रा

सुतारकामाच्या जागेत फवारणार असाल तर आदल्या दिवशी तिथे कोणतेही यंत्र चालवू देऊ नका. लाकडाचा भुगा तुळयांवर बसलेला असतो आणि फवाऱ्याच्या वाऱ्याने तो नेमका ओल्या क्लिअरवर उतरतो. जमीन पाण्याने शिंपून घ्या. ते दोन ठिपके पूर्ण नाहीसे होईपर्यंत घासा; गंजावर रंग देणे म्हणजे फोडावर सदरा घालणे.

चंदेरी रंगाबद्दल सांगतो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म चपटे कण तरंगत असतात. ते थरात आडवे, एकमेकांना समांतर पडले तर लहान लहान आरशांसारखे उजेड समोर परत टाकतात आणि समोरून रंग उजळ दिसतो. थर फार ओला आणि जाड दिला तर कणांना बुडायला व कलंडायला वेळ मिळतो. काही उभे राहतात, समोरून काळपट दिसते आणि तिरप्या नजरेला उलट उजळ. तुमचा कोड बरोबर आहे, हात ओला पडला आहे. नवा माणूस डबा जवळ धरतो आणि ‘झाकले जात नाही’ म्हणून एकाच जागी रेंगाळतो, तेव्हा हेच होते. शिवाय एकाच कोडच्या काही छटा कारखान्यातूनच वेगळ्या निघतात आणि अकरा वर्षांचे ऊन तुमच्या मडगार्डने सोसले आहे, डब्याने नाही.

म्हणून आधी एका पत्र्याच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर प्रायमर देऊन त्यावर रंगाचे हात द्या, अर्ध्या भागावर क्लिअर द्या आणि तो तुकडा गाडीशेजारी धरून सकाळच्या व दुपारच्या उजेडात समोरून आणि तिरपा पाहा. क्लिअर चढल्यावर रंग बदलतो, त्यामुळे बिनक्लिअरचा तुकडा जुळवून उपयोग नाही. डबा २० ते २५ सेंटीमीटरवरून, पत्र्याशी काटकोनात, हात मनगटातून न वळवता खांद्यातून सरळ नेत चालवा. बटण पत्र्याच्या बाहेर दाबा आणि बाहेरच सोडा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे, ओलेपणाची चमक जाऊन थर मॅट होईपर्यंत थांबा. झाकणारे दोन मध्यम हात झाल्यावर शेवटी एक विरळ हात थोड्या जास्त अंतरावरून, धुक्यासारखा सोडा. तो कणांना आडवे पाडतो आणि ढगांसारखे डाग मोडतो. डबा गार असेल तर कोमट पाण्यात ठेवून खोलीच्या उबेला आणा, गरम पाण्यात मात्र कधीच नाही. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो.

टेपची पायरी टाळायची तर दुरुस्तीच्या जागेभोवती टेपची चौकटच लावायची नाही. टेप मडगार्डच्या कडांवर लावा: बॉनेटची फट, दरवाजाची फट, दिव्याची कड. पुट्टी आणि प्रायमर मध्यभागी राहतील. रंगाचा प्रत्येक हात आधीच्याहून थोडा पुढे जाऊन विरत जाईल, आणि क्लिअर मात्र पूर्ण मडगार्डवर, फटीपासून फटीपर्यंत. क्लिअर पत्र्याच्या मध्ये संपवला तर विरघळवणारे खास थिनर वापरूनही ती कड आज ना उद्या दिसू लागते. त्यासाठी प्रायमर ६०० नंतर ८०० नंबरच्या वॉटर पेपरने आणि उरलेला सगळा जुना क्लिअर १००० नंबरने किंवा करड्या स्कफ पॅडने (घासायच्या खरखरीत जाळीदार पॅडने) एकसारखा मॅट करून घ्यावा लागेल. चमकता ठिपका एकही राहू देऊ नका, विशेषतः दिव्याच्या कडेला आणि कमानीच्या वळणात. क्लिअर सुटतो तो अशाच ठिकाणी.

प्रायमर घासण्यापूर्वी त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा करून घ्या. ठोकळ्याने घासताना उंचवट्यावरचा काळा निघून जातो, खड्ड्यातला राहतो. शेवटचा काळा ठिपका जाण्याआधीच पत्रा दिसू लागला तर खड्डा प्रायमरच्या आवाक्याबाहेरचा आहे, परत पुट्टीकडे जा. हे कंटाळवाणे आहे खरे, पण डोळ्यांना जे कळत नाही ते ही काळी भुकटी सांगते.


दुसरी बाजू

मी या हौसेच्या विरोधात नाही, पण वाचणाऱ्या इतर नवशिक्यांसाठी एक गोष्ट नोंदवतो. चंदेरी मेटॅलिक हा शिकण्यासाठी सर्वांत अवघड रंगांपैकी एक आहे. पहिला प्रयोग साध्या पांढऱ्या किंवा काळ्या, नाहीतर निदान भंगारात निघालेल्या पत्र्यावर करावा. आणि हेच कृतिपत्र प्लास्टिकच्या बंपरला जसेच्या तसे लावू नये. बंपर बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो, उघड्या प्लास्टिकवर आधी चिकट पकड देणारा खास प्रायमर न दिल्यास रंग पापुद्र्यासारखा सोलून निघतो. ज्या गाड्यांच्या बंपरमागे रडार बसवलेले असते तिथे जाड पुट्टी आणि वाढीव थर त्या रडारच्या कामात अडथळा आणू शकतात, तो भाग घरी करू नयेच.


तिरपा उजेड

पुट्टी आणि रंगाबद्दल वर सगळे आले आहे. मी फक्त पॉलिशबद्दल लिहितो, कारण त्यात माझे दोन बॉनेट खर्ची पडले आहेत.

क्लिअर दिल्यावर लगेच घासायची घाई करू नका. द्विघटकी क्लिअर उबदार हवेत दुसऱ्या दिवशी घासण्याजोगा होतो, थंडीत आणखी वेळ लागतो. नख दाबून खूण उमटत असेल तर तो तयार नाही. फवारताना त्यात डास बसला तर तो तिथेच राहू द्या. ओल्या क्लिअरमध्ये बोट घालून डास काढणाऱ्याला डासाच्या जागी बोटाचा ठसा मिळतो.

आधी काय घासायचे ते ठरवा. सगळ्या मडगार्डला पेपर मारलाच पाहिजे असे नाही. कारखान्याच्या रंगालाही थोडा संत्र्याच्या सालीचा पोत असतो आणि तुमचा मडगार्ड आरशासारखा सपाट झाला तर शेजारच्या दरवाजाजवळ तो उलट खटकेल. कचऱ्याचे कण आणि ओघळ तेवढे काढावेत व पोत शेजाऱ्याइतका आणावा. कंगोऱ्यांवर आणि कडांवर आधी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा आणि ती अगदी शेवटी काढा. १५०० चा वॉटर पेपर तासभर पाण्यात भिजवून, पाण्यात साबणाचा थेंब घालून, मऊ ठोकळ्यावर घ्या. पाच-सहा फेऱ्या मारल्या की रबरी पट्टीने पाणी ओढून पृष्ठभाग पाहा: उंचवटे मॅट झालेले असतील आणि खोलगट भाग लहान चमकत्या ठिपक्यांसारखे उरलेले असतील. ते ठिपके जवळजवळ संपले की थांबा. शेवटच्या चार ठिपक्यांच्या मागे लागून माणूस क्लिअर फोडतो. नंतर २००० आडव्या दिशेने, म्हणजे १५०० च्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे दिसते, आणि मग ३०००. ३००० पर्यंत गेलात तर यंत्राचे काम निम्मे होते.

यंत्र घ्यायचे तर नवशिक्याने ड्युअल ॲक्शन पॉलिशर, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलवणारे यंत्र, घ्यावे. गोल फिरणारे रोटरी यंत्र झपाट्याने कापते, पण एका जागी थबकले की क्लिअर तापवून जाळते आणि उन्हात वर्तुळाकार तरंग दिसतात ते निराळेच. फोमचे पॅड, वाटाण्याएवढे कंपाउंडचे चार ठिपके, दोन वीत चौरसाची जागा, सावकाश उभ्या-आडव्या फेऱ्या. मधूनमधून हाताची पालथी बाजू लावून पाहा. कोमट चालेल, चटका नको. आधी कंपाउंड, मग स्वच्छ दुसऱ्या पॅडवर बारीक पॉलिश. पॉलिशमधली तेले बारीक रेघा तात्पुरत्या भरून टाकतात, म्हणून शेवटचा निकाल पुसून घेतल्याशिवाय देऊ नका. बॅटरीचा उजेड पत्र्याला जवळजवळ समांतर धरला की उरलेली प्रत्येक रेघ दिसते.


नवशिका रंगारी

जवळजवळ महिन्याने परत लिहितो आहे. चार शनिवार गेले आणि त्यांतले अडीच केवळ घासण्यात. काळ्या शिडकाव्याने मला दोनदा पुट्टीकडे परत पाठवले. पहिल्या खेपेला जे सपाट म्हणून मी मिरवले होते त्यात बशीसारखा एक खड्डा होता. नमुन्याचे तुकडे पाच केले. पहिले दोन काळपट आले, तिसऱ्यापासून हात हलका झाला.

पुट्टीची रेघ तीन आठवड्यांनंतरही दिसत नाही. पायरी नाही. समोरून रंग जुळतो. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दरवाजाच्या फटीपाशी एक अगदी पुसट फरक दिसतो, तो मी दाखवल्याशिवाय अजून कुणाला दिसलेला नाही. मुखवट्याबाबत कोणतीही तडजोड केली नाही. एक डास बसला, तो तसाच राहू दिला आणि १५०० ने तो बिनबोभाट गेला.

फसलो ते कमानीपाशी. क्लिअरचा तिसरा हात द्यायचा मोह झाला आणि वळणावर तीन बोटे लांबीचा ओघळ आला. त्याला अजून हात लावलेला नाही, बाकी मडगार्डचे पॉलिश झाले आहे. त्याला एकदम १५०० लावावा का? आणि मेण आताच चढवले तर चालेल का?


जुना पत्रा

ओघळाला मऊ ठोकळ्याने १५०० लावलात तर पेपर ओघळाच्या दोन्ही बाजूंचा चांगला क्लिअर खाईल आणि ओघळ तसाच राहील. ओघळाच्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटून मास्किंग टेप लावा म्हणजे शेजारचा भाग झाकला जाईल, आणि कडक, अरुंद ठोकळ्यावर १००० चा पेपर घेऊन फक्त ओघळाचा माथा खाली आणा; लाकडी चमच्याचा सपाट दांडा या कामाला छान बसतो. उंची टेपच्या पातळीला आली की टेप काढून १५०० आणि पुढचे नेहमीप्रमाणे. ओघळाच्या पोटातला क्लिअर जाड असल्याने इतरांपेक्षा उशिरा कडक होतो, तेव्हा घासताना पेपरला चिकट गोळ्या येऊ लागल्या तर आणखी आठवडाभर तो तसाच सोडा.

मेण एवढ्यात नको. नव्या रंगातून सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत असते. निदान आणखी महिनाभर मडगार्ड नुसत्या पाण्याने आणि सौम्य शॅम्पूने धुवा. दरवाजापाशी जो पुसट फरक म्हणता, तो घालवायचा तर दरवाजावरही रंगाचा विरता हात देऊन पूर्ण दरवाजा क्लिअर करावा लागेल. म्हणजे चांगला, कारखान्याचा, अखंड दरवाजा घासायला घ्यायचा. मी घेतला नसता.